येझडीची बॅटरी

आमच्या गोठ्याच्या कडेला, वैरणीच्या गंजीला लागून, अण्णांची येझडी तीन वर्षं पोत्याखाली उभी होती. १९८२ साली उसाच्या बिलातनं घेतलेली. तेव्हा गावात राजदूत तीन होत्या, बुलेट एक होती, पण येझडी एकट्या अण्णांची. तिच्या दोन सायलेन्सरांचा आवाज ओढ्यापलीकडनं ऐकू आला की आई तवा चुलीवर ठेवायची. अण्णा पायरीवर पाय धुवेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची.

२०१९ च्या पुरात पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं, तेव्हा अण्णांनी आधी जनावरं सोडली आणि मग ही गाडी ढकलत शाळेच्या व्हरांड्यात नेऊन लावली. घरातला टीव्ही मात्र तसाच राहिला. पुढं आई गेली आणि गाडीवर पोतं पडलं. कुठं जायचं म्हटलं की अण्णा म्हणायचे, "जाऊन काय करायचंय?"

खरं सांगायचं तर मी ती विकायला काढली होती. घराचे पत्रे गळायला लागले होते, पुण्यातल्या माझ्या पगारात हप्ते भागता भागत नव्हते. ओळखीतनं एक गिऱ्हाईक मिळालं. म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला, तेव्हापासून ह्या गाड्यांची हौस वाढतच गेलीय. गिऱ्हाइकानं सरळ सांगितलं, चालू असेल तर एक भाव, बंद असेल तर निम्मा. मी दिवाळीला गावी आलो तो एवढंच मनात घेऊन. अण्णांना म्हणालो, "गाडी जरा चालू करून बघू." ते हूं म्हणाले, वर काही विचारलं नाही.

गावातल्या मिस्त्रीनं टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, पॉइंटला पॉलिश पेपर मारला. येझडीची गिअरची आणि किकची दांडी एकच. ती वर फिरवून त्यानं वीसेक किका मारल्या. प्लग बाहेर काढून इंजिनला टेकवला, तर ठिणगीचा पत्ता नाही. साईडचा डबा उघडला. आतल्या बॅटरीची तिन्ही बुचं काढली तर पाण्याचा थेंब नव्हता, प्लेटांवर मीठ धरल्यागत पांढरं साचलेलं.

"हिची ठिणगी बॅटरीवर हाय," मिस्त्री म्हणाला. "बॅटरी मेली की गाडी मेली. आधी बॅटरी आणा."

मी तालुक्याच्या गावी गेलो. पहिल्या दुकानात सहा व्होल्ट म्हटल्यावर पोरगं हसलं. "साहेब, आता सगळं बाराचं चालतंय." दुसऱ्या दुकानदारानं विचारलं, "गाडी रोज चालणार का नुसती चालू करून दाखवायची?" मी पटकन म्हणालो, "दाखवायचीच फक्त." त्यानं फळीवरनं एक लहान चौकोनी डबी काढली. सील बॅटरी, सहा व्होल्ट, साडेचार अँपिअर. घरातल्या इमर्जन्सी दिव्यात असते तसली. स्वस्त होती. मला तेवढंच पाहिजे होतं.

मिस्त्रीनं ती मोठ्या डब्यात फोमचे तुकडे कोंबून बसवली. चौथ्या किकला गाडी चालू झाली. निळा धूर गोठाभर झाला, म्हशीनं दावं ताणलं. अण्णा सोप्यातनं उठून आले. त्यांनी हँडलला हात लावला, दिवा लावला, हॉर्न दाबला. हॉर्न घसा बसलेल्या माणसासारखा वाजला. पाच-सहा मिनिटं गाडी दिवा लावून जाग्यावर तशीच ठेवली, तशी फटफट तुटायला लागली आणि दिवा पिवळा पडला. अण्णांनी वाकून डबा उघडला.

"ह्ये काय? कंदिलाची बॅटरी?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि सगळं ओळखलं.

"विकायची हाय व्हय?"

मी मान हलवली. मला वाटलं आता चिडतील. ते खाली बसले, फोमचा तुकडा बोटानं दाबून बघितला. "विकायची तर इक. पत्रं गळत्यात, मला दिसत न्हाई व्हय? पण घेणारा माणूस रातीचा हितनं घरला निघाला आणि मधी दिवा गेला तर? त्याच्या घरात बी कुणीतरी वाट बगत आसंल की. अशी फसवून गाडी द्यायची न्हाई."

मला त्या रात्री झोप लागली नाही. हिशेब अगदी साधा होता. पंचवीस वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर चार अँपिअरच्या वर ओढतो, शिवाय कॉइलला लागतो तो करंट वेगळाच. साडेचारची डबी त्याला तासभरसुद्धा पुरली नसती. गाडी पळत असताना डायनामो भार उचलतो, पण जाग्यावर किंवा सावकाश चालताना तो चार्ज देत नाही, सगळं बॅटरीतनंच जातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आपणहून धोतर-टोपी घालून तयार. आम्ही एसटीनं कोल्हापूरला, उद्यमनगरात गेलो. मेलेली बॅटरी पिशवीत बरोबर घेतली होती. अण्णांनी ती काढायच्या आधी कोणती वायर बॉडीला जाते ते बघून तिला तांबडी चिंधी बांधून ठेवली होती. उलटी जोडली की काय काय जळतं ते त्यांनी एकदा अनुभवलं होतं.

दुकानातला म्हातारा मिस्त्री अण्णांच्याच वयाचा. त्यानं आधी टेपनं बॅटरीची लांबी, रुंदी, उंची मापली. मग टर्मिनल कुठल्या बाजूला आणि वाफेची नळी कुठनं निघते ते बघितलं. अँपिअरचा आकडा पुसला होता. "बारा-चौदाची चालंल, पण डब्यात बसाय पायजे. झाकण दाबून टर्मिनलला टेकलं तर शॉर्ट हुईल."

मी विचारलं, "बाराचंच करून टाकलं तर?"

"व्हतंय की. मग बल्ब बदला, हॉर्न बदला, कॉइल बदला, डायनामोचं आणि कटआऊटचं सगळं काम करा. नुसती बाराची बॅटरी जोडली तर बल्ब तिथल्या तिथं उडंल."

"आणि सील बॅटरी, पण मोठी?"

"चांगली आसती. पाणी घालाय लागत न्हाई. पण हिचा कटआऊट जुना, चार्ज कमी-जास्त हुतोय. पाण्याच्या बॅटरीत जादा चार्ज झाला तर पाणी आटतं, आपण वरनं घालतो. सीलमधलं आटलं तर आटलं." मग त्यानं माझ्याकडं न बघता अण्णांना विचारलं, "ह्या बॅटरीला माणूस लागतो. म्हयन्याला बुचं खोलून बगाय पायजे, आठवड्याला गाडी फिरवाय पायजे. नुसती उभी ठेवली तर ही बी मरंल. हाय का कोण घरात?"

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "हाय."

त्यानं कोरडी बॅटरी काढली, तिन्ही खणांत अ‍ॅसिड भरलं आणि ती बाजूला ठेवली. प्लेटा भिजल्यावर पातळी खाली गेली, तसं परत भरलं. बाराची बॅटरी म्हणून सव्वा अँपिअरच्या आसपास चार्जिंग, बुचं सैल ठेवून, रात्रभर. "घाई केली तर प्लेटा तापत्यात," म्हणाला. आम्ही पाहुण्यांकडं मुक्काम केला. सकाळी त्यानं काचेच्या नळीनं तिन्ही खण मोजून दाखवले, काटा सारखाच. जाताना बजावलं, "नळी चेनपासनं लांब खाली सोडा, न्हाईतर रंग खाईल. पुढं अ‍ॅसिड घालायचं न्हाई, फकस्त डिस्टिल वॉटर."

नवी बॅटरी डब्यात फोमशिवाय बसली. दुसऱ्या किकला गाडी चालू. रेस दिली की चार्जिंगचा लाल दिवा विझायचा. अण्णांनी संध्याकाळी दिवा लावून ओढ्यापर्यंत एक फेरी मारली. परत येताना तोच आवाज ऐकू आला. मी चुलीकडं बघितलं, आणि मग दुसरीकडं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. चांगला माणूस, बोलायला गोड. गाडी बघून खूश झाला. अण्णा त्याला पाणी कसं बघायचं, नळी कुठं सोडायची, सगळं सांगायला लागले. पाण्याची बाटलीही त्यांनी त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवली होती. तो हसून म्हणाला, "काका, एवढं नको. हायवेला माझं हॉटेल आहे, तिथं दारात शोला ठेवणार आहे. बॅटरी तुम्ही काढून घ्या, मला लागणार नाही."

अण्णांनी बाटलीचं बूच लावलं. बोलले काहीच नाहीत. बोललो मी. म्हणालो, "राहू द्या साहेब, आता विकायची नाही." तो भाव वाढवत गेला, मी मान हलवत राहिलो. तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "पत्र्याचं काय करतोस?" मी म्हणालो, "बघू."

पत्रे पुढच्या वर्षी सोसायटीचं कर्ज काढून बदलले. हप्ता अजून चालू आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पुण्याहून फोन करतो. पूर्वी तब्येत कशी आहे विचारलं की "बरं हाय" म्हणून ते फोन ठेवायचे. आता मी विचारतो, "बॅटरीचं पाणी बघितलं का?" मग ते सांगत बसतात. मधल्या खणात जरा कमी झालं होतं, बाजाराला गाडी घेऊन गेलो होतो, दिवा झकास लागतोय. वीस-वीस मिनिटं बोलतात. मग शेवटी विचारतात, "तू कदी येतोस?"