पंढरपूरच्या बाजूचे रूळ

पक्षाघाताच्या रुग्णाला रुग्णालयातून घरी आणले, की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हात कधी चालू लागेल? प्रश्न रास्तच आहे. परंतु मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांत हातापायाच्या दुबळेपणाहून निराळी आणि चटकन न उमगणारी एक अडचण निर्माण होते. त्यांच्या लेखी जगाची डावी बाजू उरतच नाही. डोळे शाबूत असतात, नजरही असते. मात्र लक्ष तिकडे वळत नाही. ताटातला उजवीकडचा भात संपतो आणि डावीकडची भाजी तशीच राहते. दाढी अर्ध्याच चेहऱ्याची होते. घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीने बसतात. आणि सर्वांत कठीण भाग असा, की आपले काही चुकते आहे हे त्या माणसाला पटत नाही. घरच्यांना तो हट्ट वाटतो, विसरभोळेपणा वाटतो, क्वचित म्हातारचळही वाटतो.

माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हे सारे मी जवळून पाहिले. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. रेल्वेच्या नोकरीतील त्यांची बहुतेक वर्षे मिरज-पंढरपूर मार्गावरील लहान स्थानकांवर गेली. हा मार्ग मूळचा बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेल्या या रेल्वेचा पहिला टप्पा 1897 मध्ये सुरू झाला आणि 1927 मध्ये ती मिरजेपर्यंत पोहोचली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. पुढे टप्प्याटप्प्याने सारा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली. अण्णांच्या बोलण्यात मात्र ती रोज वेळेवर, किंवा त्यांच्याच शब्दांत ‘वेळेवर उशिरा’, येत असे.

पक्षाघातानंतर ते मिरजेला मुलाकडे होते. सूनबाई सेवेत तसूभर कमी पडत नव्हती. ‘अण्णा, तुम्ही बसा, मी करते,’ हे वाक्य त्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारले जाई, याची गणती नाही. रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम चार दिवस झाला आणि चेंडू पलंगाखाली गेला. ‘डॉक्टर, हा चेंडू दाबून कोणाचे भले होणार?’ असे त्यांनी मला विचारले, तेव्हा शास्त्रशुद्ध उत्तर माझ्यापाशी होते; त्यांना पटेल असे नव्हते.

स्थानकाची कल्पना नववीतल्या नातवाची. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्याला काहीतरी करायचे होते आणि आजोबांना बसल्या जागी काम हवे होते. घरात टाकून देण्याजोग्या वस्तूंची वाण नव्हती. जुन्या कपाटाची चार फुटी फळी हा पाया ठरला. प्रमाण अण्णांनीच सांगितले : प्रत्यक्षातला एक मीटर म्हणजे इथले अडीच सेंटिमीटर. या हिशेबाने दार पाच सेंटिमीटरचे, स्टेशनची इमारत तीस सेंटिमीटरची आणि रुळांमधले अंतर एकोणीस मिलिमीटर. हे गणित त्यांनी तोंडी केले. पक्षाघातानंतर त्यांच्या हिशेबावर कोणी विश्वास ठेवण्याची ती पहिलीच वेळ असावी.

भिंतींना जाड लग्नपत्रिका उपयोगी पडल्या. छपरासाठी खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद किंचित ओला करून सोलला, की आतील पन्हाळी उघड्या पडतात आणि हुबेहूब पत्रा दिसतो. रूळ मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे. गूल काढलेल्या आगकाड्या स्लीपर म्हणून जणू मापानेच केलेल्या होत्या. खडीसाठी चाळलेली विटेची भुकटी आणि जमिनीसाठी वापरलेली चहापत्ती. ती कडक उन्हात चांगली वाळवावी लागते, अन्यथा आठवड्यात बुरशी धरते. (पहिल्या खेपेस धरलीही, आणि सूनबाईने माझ्याकडे ‘दाजी, हे काय चालवले आहे?’ अशा नजरेने पाहिले.) कुंपणाला उदबत्तीच्या उरलेल्या काड्या, झाडांना काथ्या. सासूबाई जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या शिवणयंत्राच्या खणातून बॉबिन आणि बटणे निघाली, त्यांची हातगाडीची चाके झाली. दवाखान्यातून मी घसा तपासायच्या कोऱ्या लाकडी पट्ट्या दिल्या, त्यांचे बाक झाले. नातवाने वापरलेल्या सिरिंजही मागितल्या होत्या. त्या सुया काढूनही घरात आणायच्या नाहीत, हे मी स्पष्ट बजावले.

काही पथ्ये मात्र आम्ही कटाक्षाने पाळली. अण्णांना रक्त पातळ ठेवणारे औषध चालू होते, म्हणून ब्लेड नातवाच्या हाती. डाव्या हाताची संवेदना कमी झालेली, म्हणून गरम गोंदाची बंदूक वर्ज्य. साधा फेविकॉल पुरतो. अशा हाताला चटका बसला तरी कळत नाही, आणि दीर्घकाळचा मधुमेह असलेल्यांनीही हे ध्यानात ठेवावे. पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची, कोपर टेबलावर, पुठ्ठ्याखाली न घसरणारे ओले फडके. उजेड भरपूर हवा, कारण साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश तरुणपणाच्या सुमारे एकतृतीयांश उरतो. एका बैठकीला वीस मिनिटे, मग विश्रांती. पक्षाघातानंतरचा थकवा आळसातून येत नाही, तो आजाराचाच भाग असतो. डाव्या हाताला आरंभी एकच काम होते : पुठ्ठा दाबून धरणे. चेंडूशी वैर धरणारा हात हे काम मुकाट्याने करी.

दीड महिन्यात स्थानक आकाराला आले आणि मग ती गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. तिकीटघर, घंटेसाठी टांगलेला रुळाचा तुकडा, आगीच्या लाल बादल्या, पिवळा नामफलक, सारे उजवीकडे. रूळ मिरजेच्या बाजूने सुबकपणे येत आणि फळीच्या मधोमध संपत. पलीकडे कोरे लाकूड. पंढरपूरच्या बाजूला रूळच नव्हते.

नातवाने सरळ विचारले, ‘अण्णा, पंढरपूरकडून गाडी येणार कशी?’ अण्णा चिडले. स्टेशन पूर्ण झाले आहे, असे त्यांचे म्हणणे. ज्या माणसाने कित्येक आषाढीएकादशांना त्या दिशेची गर्दी सांभाळली, त्याने ती दिशाच पुसून टाकावी, हे पाहून माझ्या मेहुण्याला भरून आले. तो म्हणाला, ‘दाजी, बाबांची बुद्धी गेली का?’ बुद्धी गेली नव्हती. एकोणीस मिलिमीटरचा हिशेब करणारी बुद्धी जागच्या जागी होती. तिकडे वळणारे लक्ष तेवढे हरपले होते, आणि हे पुराव्यासह दाखवणारी याहून बोलकी तपासणी मला दवाखान्यात करता आली नसती.

वाद घालून अशा रुग्णाला पटत नाही. व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंनी फळीच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी चिकटवायला सांगितली. काम सुरू करण्यापूर्वी मान वळवून आधी ती पट्टी शोधायची आणि तिथून सावकाश उजवीकडे यायचे. ही नेहमीची उपचारपद्धती आहे. वाचनासाठी पानाच्या डाव्या कडेलाही अशी रेघ आखतात. अण्णांनी दोन दिवस तिकडे दुर्लक्ष केले. मग नातवाने तिला नाव दिले, ‘आउटर सिग्नल’. सिग्नल न पाहता गाडी घेणे अण्णांच्या तत्त्वात बसणारे नव्हते. बैठकीच्या आरंभी नातू विचारी, ‘मास्तर, सिग्नल?’ आणि मान हळूहळू डावीकडे वळे. गोंदाची बाटली मग पट्टीजवळच ठेवली जाऊ लागली. जेवणाच्या ताटालाही डावीकडे लाल काठाचा रुमाल आला. गरम चहा मात्र आम्ही उजवीकडेच ठेवत राहिलो; सराव असावा, पण भाजून घेण्याचा नसावा.

हे सारे पुठ्ठ्याच्या स्टेशनाने घडवले, असा माझा दावा नाही. पहिल्या काही महिन्यांत मेंदू स्वतःहूनही बराच सावरतो आणि अण्णांचे ते महिने त्यातच गेले. तरीही एक फरक मी निश्चित सांगू शकतो. सूनबाईची वाक्ये बदलली. ‘अण्णा, खांब कुठे रोवू?’ ‘पत्र्याला रंग कोणता?’ सल्ला मागण्याजोगा माणूस त्या घरात पुन्हा वावरू लागला. शुश्रूषा करणाऱ्यांना माझी एवढीच विनंती, की ज्या विषयात आपला रुग्ण आपल्याहून जाणता आहे, तो विषय शोधावा. तो रेल्वेचाच असेल असे नाही. लोणच्याचा मसाला असेल, जमाखर्चाची वही असेल.

दमलेले असले, की अण्णांचा डावा खांदा आजही दाराच्या चौकटीला आपटतो. घरातल्या वाटेवरचे डावीकडचे स्टूल आम्ही कायमचे हलवले आहे. पण चौथ्या महिन्यात छत्रीच्या आणखी दोन काड्या लागल्या आणि रूळ लाल पट्टीपर्यंत पोहोचले. त्या टोकाला सासूबाईंच्या पावडरच्या रिकाम्या डब्याची पाण्याची टाकी उभी राहिली. नवे रूळ बरेच वाकडे आहेत. नातवाला ते उपटून सरळ बसवायचे होते.

‘हात लावू नकोस,’ अण्णा म्हणाले. ‘त्याला कर्व्ह म्हणतात. फार तर वेगमर्यादेची पाटी लाव.’