मासळी बाजारामागचं पोतं

‘आमच्या घरात जनावरांची आवड पिढ्यान्‌पिढ्या,’ हे मी माहेरचं वैभव सांगावं तसं सांगत आले. रत्नागिरीजवळचं घर, पडवीत मोती, गोठ्यात गाई, आणि मांजरं तर कायमचीच. आजी बांगड्याची डोकी करवंटीत घालून साद घालायची, की माळ्यावरून, केळींतून, शेजाऱ्यांच्या ओटीवरून ती धावत यायची. चारच्या वर मात्र कधी नसायची. चारच का, हा हिशेब मी इतकी वर्षं केला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी लेकीनं मांजर हवं म्हणून हट्ट धरला. मी म्हटलं, आणायचंच तर चांगलं पर्शियन आणू. गावठी काय, फुकट मिळतात. ‘मग फुकटातलंच आणू ना, आई,’ म्हणत तिनं मला ठाण्याबाहेरच्या एका शेल्टरला नेलं.

दारातच एक खोका होता. चिकटपट्टी लावलेला, झाकणाला पेन्सिलीनं भोकं पाडलेली. आत पाच पिल्लं, डोळेही न उघडलेली. तिथल्या ताईंनी खोका उचलला. ‘आजचा दुसरा,’ एवढंच म्हणाल्या. मी सोडणाऱ्याच्या नावानं बोटं मोडायला लागले, तेव्हा त्यांनी झाकण दाखवलं. ‘भोकं पाडलीत हो. माणसं वाईट नसतात.’

मी गप्प झाले, कारण आजी पोत्याचं तोंड सैल बांधायची. वारा लागावा म्हणून. मी आणि चुलतभाऊ ते पोतं मासळी बाजारामागे नेऊन सोडायचो. ‘तिथं खायला मिळतं त्यांना,’ असं घरात सगळे म्हणायचे. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आमच्या मनीला तेवढी सवड आम्ही दिलीच नाही. ती दोन दिवस माळ्यावर ओरडत फिरायची. आजी तिला जास्तीचं दूध घालायची.

आत गेल्यावर माझं ‘चांगलं पर्शियन’ही भेटलं. एक नव्हे, दोन. केसांच्या जटा झाल्या, रोज विंचरणं जमेना, म्हणून कुणीतरी आणून टाकलेली.

फॉर्म भरताना मात्र मी पुन्हा उसळले. खिडक्यांना जाळी आहे का, गावाला गेलात तर कोण बघेल. मुलगी दाखवायला नेल्यासारखे प्रश्न! आणि शेवटी नसबंदीची अट. मी म्हटलं, एकदा तरी आई होऊ द्यावं बिचारीला. ताईंनी विचारलं, ‘आणि पिल्लं?’

त्या रात्री हिशेब केला. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. दोन महिन्यांत विते, पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा राहते. वर्षाला दोन-तीन वेत, वेताला चार धरा. आजीच्या घरात दहा वर्षांत एकाच भाटीची किती झाली असतील? पानावरचा आकडा शंभरापाशी पोचला, तेव्हा पेन खाली ठेवलं. घरात चार. बाकीची पोत्यातून गेली.

आम्ही सुकटला आणलं. वर्षाची, राखाडी पट्ट्यांची भाटी. पिल्लू राहिली नव्हती म्हणून कुणी नेत नव्हतं. नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. तिला उपकाराची जाणीव वगैरे काही नाही. लेकीच्या दप्तरावर झोपते आणि मी बांगडा साफ करायला बसले की तेवढ्यापुरती माझी होते. पंधरा दिवस पलंगाखालीच बसली होती, तेव्हा ‘परत देऊन येऊ’ हे शब्द माझ्याच तोंडून निघाले होते, तेही लिहून ठेवते.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. गावची भाटी पुन्हा व्याली, तीन आहेत. मी म्हटलं, पिल्लं सुटी झाली की तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊ, ऑपरेशन करून आणू, पिल्लांना घरं मी शोधते. आई हसली. मांजराचं ऑपरेशन ऐकून वाडीतले काय म्हणतील, म्हणाली. मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

‘ये गणपतीत,’ शेवटी म्हणाली. ‘पण टोपलीत तूच घाल तिला. मी ओरबाडून घेणार नाही.’