गाडी एकाची, नाव दुसऱ्याचं

अपघाताच्या दाव्यात साक्षीदाराला गाडीचा नंबर क्वचितच आठवतो. आठवतो तो रंग, आणि दारावरचं नाव. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर वकिली करताना हे इतक्यांदा पाहिलंय, की पक्षकार समोर बसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडीवर काय लिहिलं होतं? तो ठामपणे एखाद्या कुरिअर कंपनीचं किंवा ऑनलाइन दुकानाचं नाव सांगतो. मग आरटीओचा उतारा हाती येतो आणि नोंदणीकृत मालक निघतो चाकणकडचा एखादा तरुण. त्यानं कर्ज काढून पिकअप घेतलेली असते आणि ट्रान्सपोर्टरमार्फत ती कंपनीला ‘लावलेली’ असते. गाडी त्याची, हप्ता त्याचा, टायर त्याचे, चलन आलं तर तेही त्याचंच. दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत नाव मात्र कंपनीचं.

या नावाला कायद्यात वजन किती, हा माझ्या कामातला मला सर्वांत जवळचा प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकते: दुसऱ्याच्या गाडीवर जो आपलं नाव चढवतो, त्यानं त्या गाडीपायी रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाला उत्तर दिलं पाहिजे. गाडी चालवणारा त्याचा नोकर आहे की नाही, हा वाद नंतरचा.

आपल्याकडे छोट्या मालवाहू गाडीच्या चालक-मालकांची संख्या वाढली ती टाटा एससारख्या गाड्यांमुळे. २००५ साली आलेल्या या गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणून आपलंसं केलं, आणि ज्याच्याकडे कालपर्यंत तीनचाकी टेम्पोही नव्हता तो चारचाकीचा धनी झाला. पुढे ऑनलाइन खरेदी वाढली, भिवंडीत आणि चाकणला गोदामं उभी राहिली, आणि या गाड्यांच्या अंगावर व्हिनाइलचे स्टिकर चढले. कायद्यानं मात्र मालवाहू गाडीवर काय लिहायचं हे ठरवलंय ते वेगळ्याच हिशेबानं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५८ प्रमाणे रिकाम्या गाडीचं वजन, एकूण वजन, आसांवरचा भार असा तपशील गाडीवर रंगवावा लागतो. पिवळ्या पाटीवरची काळी अक्षरं गाडी भाड्याची आहे हे सांगतात. ती कोणासाठी धावते हे सांगणारं नाव कराराच्या हवाली राहतं. आणि तो करार बहुतेक वेळा चालकाच्या हातात नसतोच.

याच कायद्याच्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. गाडी भाडेखरेदीच्या, भाडेपट्ट्याच्या किंवा तारणाच्या कराराखाली असेल, तर त्या कराराप्रमाणे जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती मालक. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात नोंदणीवर असलेलं नाव निर्णायक धरलं. गाडी मधल्या काळात विकली गेली, पुन्हा विकली गेली, तरी कागद बदलला नसेल तर मूळ मालकच बांधील. जखमी माणसाच्या दृष्टीनं हा निकाल चांगला आहे, कारण मालक शोधत दारोदार फिरणं त्याच्या नशिबी येत नाही. पण ‘लावलेल्या’ गाडीच्या दाव्यात हाच निकाल कंपनीच्या लेखी कैफियतीत पहिल्या परिच्छेदात येऊन बसतो: आम्ही मालक नाही, चालक आमचा नोकर नाही, गाडीवरचं नाव ही निव्वळ जाहिरात.

गाडीचा विमा चालू असेल तर हा वाद पेटत नाही, भरपाई विमा कंपनी देते. विमा संपलेला असेल किंवा परमिटची अट मोडलेली असेल, तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो. अट मोडलेली असेल तर न्यायाधिकरण पुष्कळदा विमा कंपनीला आधी पैसे भरायला सांगतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. वसुली होते ती त्या पिकअपवाल्या तरुणाकडून. वसुलीची एक वाट अलीकडे बंद झाली, ते बरं झालं. ७५०० किलोपर्यंतच्या वाहतूक गाडीसाठी हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असा निकाल घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्याआधी परवान्यावरून विमा कंपन्या हात वर करत आणि छोटा हत्ती चालवणारा उघडा पडे.

कंपनीपर्यंत पोचायला माझ्या हाती मुख्य आधार आहे १९९७ चा, राजस्थान परिवहन महामंडळ विरुद्ध कैलाशनाथ कोठारी. बस खासगी मालकाची, चालकही त्याचाच. पण महामंडळानं ती भाड्यानं घेतली होती, मार्ग महामंडळाचा होता, वाहक महामंडळाचा होता आणि चालक त्याच्या सूचनांप्रमाणे बस चालवत होता. सर्वोच्च न्यायालयानं ताबा आणि नियंत्रण कोणाचं हे पाहिलं आणि महामंडळाला जबाबदार धरलं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘शिवशाही’तल्या भाड्याच्या गाड्या आठवा. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा. पण प्रवासी चढतो तो एसटीच्या भरवशावर.

मालवाहू गाडीत वाहक नसतो. मोबाइल असतो. कोणत्या गोदामावर किती वाजता लागायचं, कोणतं पार्सल आधी टाकायचं, उशीर झाला तर किती कापायचं, हे सगळं त्या पडद्यावरून ठरतं. वाहकाच्या घंटीपेक्षा हे नियंत्रण जास्त घट्ट आहे, असा युक्तिवाद मी करते. कधी तो मान्य होतो, कधी होत नाही.

अमेरिकेनं हा प्रश्न आपल्या कितीतरी आधी हाताळला. तिथे वाहतुकीचा परवाना असलेल्या कंपन्या स्वतंत्र ट्रकवाल्यांच्या गाड्या एकेका खेपेपुरत्या भाड्यानं घेत आणि अपघात झाला की गाडी आपली नव्हे म्हणत. १९५६ साली तिथल्या काँग्रेसनं कायदा दुरुस्त केला. त्यातून आलेल्या नियमांनी भाडेकरार लेखी केला आणि कराराच्या काळात गाडीचा पूर्ण ताबा नि जबाबदारी कंपनीवर टाकली. कंपनीच्या नावाची पाटी गाडीवर लागू लागली. पुढे कित्येक न्यायालयं म्हणू लागली, की जोवर पाटी गाडीवर आहे तोवर कंपनी बांधील, मग करार संपलेला असो की चालक स्वतःच्या कामाला निघालेला असो. जखमी माणसाला एवढा सोपा नियम दुसरा मिळाला नसता. १९८६ मध्ये नियम सैल झाले आणि न्यायालयांची मतं फुटली. १९९२ मध्ये आणखी एक वाक्य जोडलं गेलं: ताबा कंपनीकडे आहे एवढ्यानं चालक तिचा नोकर ठरत नाही.

तिथल्या संघीय नियमाप्रमाणे व्यापारी गाडीच्या दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव आणि वाहतूक खात्याचा क्रमांक लागतो, आणि हे दोन्ही दिवसाउजेडी ५० फुटांवरून वाचता यायला हवं. हे बंधन सर्वसाधारणपणे १०,००१ पौंडांपासून, म्हणजे सुमारे ४,५३६ किलोंपासून, सुरू होतं. बहुतेक कार्गो व्हॅन त्याच्या खाली बसतात. म्हणजे ज्या गाडीला पाटीची सक्ती नाही, त्याच गाडीवर कंपन्या हौसेनं आपलं नाव लावतात. मग ते नाव कशासाठी आहे?

या प्रश्नाचा सर्वांत मोठा झगडा फेडेक्स ग्राउंडच्या व्हॅनवरून झाला. गाडी चालकानं स्वतःच्या पैशानं घ्यायची. पण रंग कंपनी सांगेल तोच पांढरा, आतल्या फळ्या कंपनी सांगेल त्या मापाच्या, बाहेर कंपनीचं बोधचिन्ह, अंगावर कंपनीचा गणवेश. ती गाडी इतर कामाला वापरायची मुभा होती, मात्र बोधचिन्ह काढून किंवा झाकून. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं २००९ मध्ये या चालकांना स्वतंत्र कंत्राटदार ठरवलं. २०१४ मध्ये नवव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयानं कॅलिफोर्नियातल्या चालकांच्या खटल्यात उलट निकाल दिला आणि त्यांना कर्मचारी म्हटलं. पुढच्या वर्षी २२ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली.

इंग्लंडमध्ये याच्याही आधी, रेडी मिक्स्ड काँक्रीटच्या खटल्यात, लॉरी कंपनीच्या रंगात, चालक कंपनीच्या गणवेशात, हुकूमही कंपनीचे. तरीही न्यायमूर्ती मॅकेना यांनी त्याला स्वतंत्र व्यावसायिक ठरवलं, कारण लॉरी त्याची होती, दुरुस्ती त्याची होती आणि बदली चालक ठेवायची त्याला मुभा होती. १९६८ च्या निकालसंग्रहातला हा निकाल आजही जगभर उद्धृत होतो. रंगाला त्यात जवळजवळ किंमतच मिळाली नाही, हे मला आजही पटत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ऑस्ट्रेलियाचा हॉलिस विरुद्ध व्हाबू हा खटला, आणि त्यात व्हॅन नाही, सायकल आहे. डिसेंबर १९९४ मध्ये सिडनीत पदपथावर एका सायकलस्वार कुरिअरनं एका माणसाला धडक दिली आणि तो निघून गेला. तो कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्या जॅकेटवर ‘क्रायसिस कुरिअर्स’ लिहिलेलं होतं, एवढीच ओळख. नंबर नाही, परवाना नाही, नाव-गाव नाही. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला जबाबदार धरलं. ज्या गणवेशातून कंपनी लोकांपुढे स्वतःचा माणूस म्हणून त्या स्वाराला उभं करत होती, तो गणवेश निकालात मोलाचा ठरला. जिथे कुरिअरची भांडवली गुंतवणूक मोठी असेल, तिथे मात्र वेगळा निष्कर्ष निघू शकतो, असं न्यायालयानं म्हणून ठेवलं. पुढे २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं, जवळजवळ चाळीस वर्षं एकाच कंपनीचा माल वाहणाऱ्या ट्रकमालकांना स्वतंत्र कंत्राटदारच मानलं. त्यांच्या ट्रकांवरही कंपनीचं बोधचिन्ह होतं.

माझी तक्रार इथेच आहे. न्यायालयं दोन प्रश्नांची एकच गाठ मारतात. चालक नोकर आहे का, हा चालक आणि कंपनी यांच्यातला प्रश्न. त्यात गुंतवणूक, बदली चालक, कराराचा मसुदा हे सगळं पाहावं. पण पदपथावरून चालणाऱ्या बाईनं तो करार वाचलेला नसतो. तिच्यापुढे फक्त दारावरचं नाव असतं, आणि कंपनीनं ते तिनं वाचावं म्हणूनच लावलेलं असतं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं गिग कामगार ओळखले आणि मालवाहतूक जोडून देणाऱ्या मंचांनाही त्यांच्या निधीसाठी उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी भरायला लावणारी तरतूद केली. चालकासाठी ही चांगली सुरुवात आहे. रस्त्यावर जखमी झालेल्या तिऱ्हाईताबद्दल त्या संहितेत काही नाही. ती जागा मोटार वाहन कायद्याची, आणि तिथे नावाची तरतूद यायला हवी.

तोवर चालक-मालक करार घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा मी एक कलम आवर्जून घालायला सांगते. अमेरिकी नियमात ते सक्तीचं आहे, आपल्याकडे मी पाहिलेल्या करारांत जवळपास कुठेच नसतं: करार संपल्यावर गाडीवरचं नाव कोणी काढायचं आणि कधी. त्याला मी खर्च कोणाचा हेही जोडते. नाव तसंच राहिलं तर दुसरं भाडं मिळत नाही, आणि अपघात झालाच तर दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत बसतात. स्टिकर काढल्यावर चारी बाजूंचा तारखेसह फोटो काढून ट्रान्सपोर्टरला पाठवा आणि पोच मागा, असं मी त्यांना सांगते. पोच आली की ती आणि विम्याची चालू प्रत एकाच फाइलमध्ये ठेवायची, आणि ती फाइल गाडीत नाही, घरी.