शिवाजी पार्कवरचे पंधरा दिवस

एप्रिलच्या अखेरीस पंधरा दिवस दवाखाना बंद ठेवून मी चिपळूणहून दादरला लेकीकडे गेले. लेक आणि जावई दोघेही नोकरी करणारे. ७ वर्षांच्या नातीला त्यांनी उन्हाळी क्रीडा शिबिरात घातले होते. पण सकाळी तिला नेण्या-आणण्यासाठी घरात कोणी मोकळे नव्हते. माझ्या ८१ वर्षांच्या आईला मागे एकटे ठेवणे शक्य नव्हते, म्हणून तीही माझ्याबरोबर आली.

शिबिर होते शिवाजी पार्कवर. हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. पुढे १९२७ मध्ये शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. भोवती पर्जन्यवृक्षांची दाट सावली आहे आणि मैदानाला वेढणारा किलोमीटरभराहून थोडा अधिक लांबीचा दगडी कट्टा आहे. पहाटे पावणेसहापासून तिथे माणसांची वर्दळ सुरू होते. कोणी पायवाटेने फेऱ्या मारत असते, कोणी उद्यान गणेशाच्या मंदिरात जाऊन येते, कोणी नुसतेच कट्ट्यावर बसून आल्यागेल्याची चौकशी करते. मैदानाच्या मधोमध क्रिकेटच्या जाळ्या लागतात. रमाकांत आचरेकर सरांनी याच मातीत सचिन तेंडुलकरला घडवले. शाळकरी सचिन त्या काळात मैदानाजवळच राहणाऱ्या काका-काकूंकडे राहत असे, कारण वांद्र्याहून रोज येण्याजाण्यात फार वेळ मोडत असे. मुलांच्या खेळामागे घरातले कोणीतरी मोठे माणूस उभे असते. सकाळी पिशवीत पाण्याची बाटली आणि हाताशी नातवंड घेऊन येणारे कितीतरी आजी-आजोबा पाहताना मला ते पुनःपुन्हा आठवत असे.

नातीने मल्लखांब निवडला होता. या मैदानावर मल्लखांबाची परंपरा जुनी आहे; श्री समर्थ व्यायाम मंदिर ही संस्था काळे गुरुजींनी १९२५ मध्येच स्थापन केली. पेशवाईच्या अखेरच्या काळात दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी हा व्यायामप्रकार नावारूपाला आणला, असे परंपरा सांगते. सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, वर निमुळता होत गेलेला तो खांब, त्याला चोळलेले एरंडेल आणि पायथ्याशी अंथरलेल्या गाद्या. सहा-सात वर्षांची चिमुरडी त्या गुळगुळीत लाकडाला बिलगलेली पाहून पहिल्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला.

आई पहिल्या दिवशी मैदानावर आली ती, सकाळच्या गडबडीत लेकीच्या घरात आपली अडचण नको, एवढ्याच विचाराने. घर मैदानापासून जेमतेम दीडशे पावलांवर. पण तेवढे अंतर चालायला तिला दहा मिनिटे लागली. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने माझा दंड घट्ट धरलेला. आदल्या वर्षी जूनमध्ये ती न्हाणीघरात घसरून पडली होती. मनगटाचे हाड मोडले, प्लास्टर घातले, सहा आठवड्यांत हाड सांधले. पण त्यानंतर अंगणापलीकडे तिचे पाऊल पडले नव्हते.

शिबिराच्या पहिल्या दिवशी मुलांना खांबावर चढवलेच नाही. शिकवणारी ताई विशीतली होती. तिने मुलांना लाकडी पेटीवर एकेक करून उभे केले आणि गादीवर उडी मारायला लावली. "गुडघे वाकवा, पाय जुळवून ठेवू नका, नजर समोर," ती सांगत होती. अर्धा तास एवढेच चालले होते. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी मला विचारले, "पैसे भरले ते खांबावर चढायला ना?" ताईच्या कानावर ते गेले असावे. ती हसून म्हणाली, "आजोबा, आधी उतरायला शिकवायचं. ज्याला उतरता येतं, तो चढायला घाबरत नाही."

तिसऱ्या दिवशी नातीचा हात सुटला. ती जेमतेम दोन फुटांवर होती. गादीवर आपटली, कोपर खरचटले आणि रडू फुटले. मी उठून धावणार, तोच आईने माझ्या पदराला धरले. "बस गं. पडली तर पडली. खाली गाद्या आहेत की." ताईने कोपर पाहिले, पाणी पाजले आणि तिला रांगेच्या शेवटी बसवले. त्या दिवशी घरी आल्यावर नातीने जाहीर केले, "आजी, मी उद्यापासून नाही येणार."

दुसऱ्या दिवशी ती आली, पण खांबाला हात लावायला तयार होईना. ताईने "घाबरू नकोस" असे एकदाही म्हटले नाही. तिने फक्त काम लहान केले. "आज वर जायचं नाही. पाय जमिनीवरच ठेव. दोन्ही हातांनी खांबाला मिठी मार आणि मी दहा म्हणेपर्यंत सोडू नकोस." त्यानंतरच्या दिवशी एक पाय खांबाला, मग दोन्ही पायांची अढी, पण तीही जमिनीपासून वीतभर उंचीवर. प्रत्येक वेळी उतरणे तिचे तिने करायचे, ताई फक्त पाठीशी हात ठेवून उभी. आठव्या दिवशी नात पुन्हा दोन फुटांवर पोचली होती, आणि आपण पडलो होतो हे ती मैत्रिणींना थोड्या ऐटीतच सांगत होती.

हे सारे कट्ट्यावरून बघताना मला माझे घर दिसू लागले. आई पडल्यानंतर आम्ही काय केले? तिच्या खोलीतच जेवणाचे ताट नेऊ लागलो. "उठू नकोस, मी देते," हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणू लागलो. तुळशीला पाणी घालायला ती तीन पायऱ्या उतरत असे. तेही बंद केले. दवाखान्यात आलेल्या वृद्धांना मी तीस वर्षे सांगत आले, की पडण्याच्या भीतीने माणूस चालणे कमी करतो, चालणे कमी झाले की मांड्यांचे स्नायू झडतात, पावले आखूड आणि घासटती होतात, तोल सांभाळण्याची सवय मोडते आणि मग तो खरोखरच पुन्हा पडतो. आईच्या बाबतीत मात्र मी डॉक्टर राहिले नाही, निव्वळ घाबरलेली मुलगी झाले. काळजीच्या नावाखाली तिची उरलीसुरली ताकद आम्हीच कमी करत होतो. नात पडल्यावर तिला कायमचे घरी बसवायचे कोणाच्या मनातही आले नाही. आईला मात्र आम्ही दहा महिने बसवून ठेवले होते.

त्याच संध्याकाळी मी आईची तपासणी केली, जी मी जुलैतच करायला हवी होती. आधी तिला पाच मिनिटे निजवून रक्तदाब मोजला, मग उभे करून तीन मिनिटांपर्यंत पुन्हा मोजला. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर चक्कर येऊन तोल जाण्याचा धोका असतो. तिचा तेवढा उतरत नव्हता. मग गोळ्यांची पिशवी उघडली. रात्री झोप यावी म्हणून मागे कधी लिहून दिलेली एक गोळी ती अजून घेत होती. अशा गोळ्यांमुळे रात्री लघवीला उठताना झोक जातो. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ती टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. चष्म्याचा नंबर दोन वर्षे तपासलेला नव्हता. चपलांचे तळ गुळगुळीत झाले होते. त्या दुसऱ्याच दिवशी बदलल्या.

मग दोन साध्या चाचण्या घेतल्या. खुर्चीतून उठायचे, ३ मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. आईला २४ सेकंद लागले. दुसरी चाचणी: हात छातीवर आडवे घेऊन, हातांचा आधार न घेता, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहता येते. ८० ते ८४ वयाच्या बाईला किमान ९ वेळा जमावे. आईला हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आले नाही. तिच्या चेहऱ्यावर ते पाहून नाराजी उमटली. "एवढी वाईट अवस्था?" ती म्हणाली. मी गप्प राहिले.

नातीने मात्र उपाय सुचवला. "पणजी, आमच्या ताईसारखं कर ना. आधी थोडंसंच."

दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर आमचे वेगळे शिबिर सुरू झाले. कट्टा बुटका, त्यावरून उठणे कठीण. म्हणून घरून एक उंच, भक्कम स्टूल नेले आणि ते कट्ट्याला टेकवून ठेवले. आईने हात टेकून पाच वेळा उठायचे आणि बसताना धपकन न बसता सावकाश बसायचे. सावकाश बसण्यातही मांड्यांना बराच व्यायाम होतो. ताईच्या भाषेत तेही उतरणेच. मग कट्ट्याला बोटे टेकवून टाचा उचलायच्या, दहा मोजायचे. मग एका पायावर पाच मोजेपर्यंत उभे राहायचे, मी शेजारी, हात तयार पण न लावता. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीच संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर अंगमेहनतीचा खेळ सांगते. एकाच मैदानावर पणजी आणि पणती दोघींचा हिशेब पुरा होत होता.

मे महिन्यात मुंबईचा पारा विदर्भाइतका चढत नाही, पण हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि शरीर थंड व्हायला वेळ लागतो. शिबिर सात ते साडेआठ असल्याने उन्हाची तिरीप टळत असे. तरीही नातीला निघण्यापूर्वी केळे आणि पाणी, मधल्या सुट्टीत तहान लागो न लागो पुन्हा पाणी, आणि घरी आल्यावर कोकम सरबत, असा शिरस्ता आम्ही पाळला. मुले खेळाच्या नादात तहान विसरतात आणि म्हाताऱ्या माणसांना तहान कमीच जाणवते. एकदा नातवाची वाट पाहत उन्हात उभे असलेले एक आजोबा अचानक घामाघूम होऊन खाली बसले. सकाळी रिकाम्या पोटी रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या घेऊन, पाण्याचा घोटही न पिता ते आले होते. सावलीत निजवून पाय वर केले, शुद्धीवर आहेत असे पाहून थोडे थोडे पाणी पाजले, तेव्हा ते सावरले. मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले. नातवंडांची काळजी घेणाऱ्यांनी स्वतःची बाटलीही पिशवीत टाकावी, एवढे मला त्या दिवशी फार वाटले.

शेवटच्या दिवशी पालकांसमोर प्रात्यक्षिके झाली. मोठ्या मुलींनी दोरीच्या मल्लखांबावर आसने केली, एक मुलगा खांबाच्या बोंडावर उभा राहिला. आमची नात अर्ध्या उंचीपर्यंत चढली, अढी घातली, एक हात सोडून नमस्कार केला आणि गुडघे वाकवून नीट उतरली. टाळ्या बेताच्याच पडल्या. तिने आधी ताईकडे पाहिले आणि मग कट्ट्याकडे. पणजी कट्ट्याजवळच्या स्टुलावरून उठून उभी राहिली होती, हात न टेकता. पंधरा दिवसांत तिला असे चार वेळा उठता येऊ लागले होते. ९ अजून दूर होते आणि काठीही सुटलेली नव्हती. पण परत घरी जाताना तिने माझा दंड धरला नाही. नातीच्या खांद्यावर नुसते बोट टेकवले होते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी कोणी अलीकडे पडले असेल, त्यांनी हे व्यायाम सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून पडण्याचे कारण तपासून घ्यावे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, शेजारी माणूस असावे आणि चक्कर, छातीत दुखणे किंवा धाप लागली तर लगेच थांबावे. पण तपासणी झाल्यावर मात्र माणसाला बसवून ठेवू नये.

चिपळूणला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी अंगणाच्या तीन पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घेतला. दुसऱ्या सकाळी आई तांब्या घेऊन दाराशी आली. "तू बस चहा घेत," ती म्हणाली. एक हात कठड्याला, एका हातात तांब्या. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती उतरू लागली. माझा चहा निवून गेला, पण मी खुर्चीतून उठले नाही. तुळशीला पाणी घालून ती परत वर आली, तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "रात्री पोरीला फोन लाव. सांगायचंय तिला."