मोहरीएवढा उंचवटा

‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. परंतु तिचा खरा अर्थ आम्हांस यंदा शाळेच्या कर्मशाळेंत, संगणकाच्या हुकुमानें चालणाऱ्या लहानशा लेथपाशीं कळला.

शाळेच्या घंटेचा आंस झिजला होता. त्याच्या जागीं १० मिलिमीटर व्यासाचा नवा पोलादी आंस करून देण्याचें काम आम्हीं मोठ्या हौसेनें पत्करिलें. पहिला प्रश्न हत्याराचा. हल्लीं हत्यार घासून धार लावण्याऐवजीं त्याच्या दांड्यावर कार्बाइडची चिमुकली वडी, म्हणजे इन्सर्ट, स्क्रूनें बसवितात. तिचें नांव हीच तिची जन्मपत्रिका होय. ‘सीसीएमटी ०६०२०४’ यांतील पहिला ‘सी’ ८० अंशांच्या कोनाचा समभुज चौकोन दर्शवितो, दुसरा ‘सी’ कडेचा ७ अंशांचा उतार. आणि शेवटचे ‘०४’ म्हणजे टोंकाची ०.४ मिलिमीटर त्रिज्या. मोठ्या त्रिज्येचें टोंक मजबूत खरें. पण त्याचा दाब अधिक पडून हलका लेथ थरथरूं लागतो. म्हणून लहान यंत्रास लहान टोंकच बरें. येथपर्यंत आमचें शहाणपण ठीक होतें.

पण निवड साधली, तरी बसवणी चुकली. हत्याराचें टोंक फिरत्या कामाच्या मध्यरेषेच्या अगदीं उंचीवर हवें. आम्हीं तें न पाहतांच दांडा टूलपोस्टांत आवळला. जाड सळईवर एक कांप घेऊन २० मिलिमीटर व्यास मोजला, तो आंकडा यंत्रास दिला आणि निश्चिंत झालों. तोंड सपाट करितांना मध्यभागीं मोहरीएवढा उंचवटा राहिला. टोंक खालीं असल्याची ती खूण होती. आम्हीं मात्र तो कानशीनें उडविला आणि कोणास बोललों नाहीं!

आंस तयार झाला, पण घंटेच्या बुशांत शिरेना. मायक्रोमीटरनें मोजतां तो १०.०२५ मिलिमीटर भरला. आम्हीं लागलीच यंत्रास दोष दिला. गुरुजी रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारिलें, “बाळांनो, तोंडावर उंचवटा राहिला होता काय?” आमच्या माना खालीं गेल्या. मग त्यांनीं फळ्यावर काटकोन त्रिकोण काढून दाखविलें कीं, टोंक ०.५ मिलिमीटर खालीं असेल तर जाड सळईवर धरलेलें माप बारीक व्यासावर खरें ठरत नाहीं. २० वरून १० वर येतां जवळजवळ तेवढाच फरक पडतो.

दांड्याखालीं ०.५ मिलिमीटरच्या पत्र्याचें पॅकिंग घातलें, बैठकींतील कीस झाडला आणि माप पुन्हा धरलें. नव्या सळईचें तोंड मध्यापर्यंत सपाट झालें, व नवा आंस बुशांत अलगद बसला.

आतां प्रार्थनेची घंटा वाजतांना आम्हांस तो उंचवटा आठवतो. यंत्र दिलेला आंकडा निमूटपणें पाळतें. तो खरा कीं खोटा, हें पाहणें माणसाचें काम. चूक आपण होऊन पुढें आली होती; आम्हींच तिला कानशीनें गप्प केलें. पुढील वर्षीं त्या लेथवर येणाऱ्या बंधूंनीं तसें करूं नये, एवढीच विनंती.