अर्धा उजेड परतीसाठी

विजापूर म्हटले की गोलघुमट, इब्राहिम रोजा आणि मुलूख मैदान तोफ एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. 2014 मध्ये शहराचे अधिकृत नाव विजयपुरा झाले, तरी आमच्या बेळगावच्या घरांत ते अजून विजापूरच आहे. या शहराचा एक भाग मात्र जमिनीखाली आहे. तो समजून घ्यायचा, तर पिशवीत कॅमेऱ्याच्या आधी बॅटरी हवी. बॅटरी म्हणजे टॉर्च. आपल्या सीमाभागात मराठीत आणि कन्नडमध्येही टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि तिच्यात घालतात ते सेल.

सोळाव्या शतकात पहिल्या अली आदिलशहाने तोरवीच्या बाजूने शहरात पाणी आणण्यासाठी जमिनीखालून बोगदा खोदवला. त्याच्यामागून आलेल्या दुसऱ्या इब्राहिमने त्यात भर घातली. ही इराणी कारेझ पद्धत. बोगद्याला उतार इतका बेताचा, की पाणी आपसूक वाहावे. आणि वरून ठिकठिकाणी विहिरीसारखे झरोके सोडलेले. लोक याला सुरंग बावडी म्हणतात. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने 2020 च्या आपल्या यादीत तिचा समावेश केला, तेव्हापासून तिच्याबद्दलचे कुतूहल वाढले आहे.

कुतूहल वाढले की आत शिरण्याची हौसही वाढते. आमच्या महाविद्यालयातली मुले सहलीआधी हमखास विचारतात, 'सर, कोणती बॅटरी घेऊ?' दुकानात जी सर्वांत झगझगीत दिसते, ती त्यांना हवी असते. माझे सांगणे वेगळे असते.

पहिली बॅटरी कपाळावर बांधायची घ्या. अरुंद जिन्यात दोन्ही हात मोकळे हवेत. दोनशे-तीनशे ल्युमेनचा पसरट उजेड पायाखालचे पाहायला पुरतो. दुसरी हातातली, दूरवर झोत टाकणारी. तिसरी लहानशी, खिशात राहील अशी. मोबाईलला यात धरू नका. त्याची चार्जिंग मदतीला हाक मारण्यासाठी राखावी.

सेल निवडताना साधे जस्त-कार्बनचे स्वस्त सेल टाळा; जोराच्या उजेडाला ते लवकर मान टाकतात. अल्कलाइन सेल जास्त टिकतात आणि तालुक्याच्या गावीही मिळतात. चार्जिंगच्या लिथियम सेलमध्ये 18650 हा आकार चालतो, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. चांगल्या कंपनीच्या अशा सेलची क्षमता साधारण 2500 ते 3500 मिलिअँपिअर-तास असते. त्यावर 9900 छापलेले दिसले, तर तो बनावट समजून खाली ठेवा. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. सहल संपली की सेल काढून ठेवा. नाहीतर पावसाळ्यात ते पाझरून बॅटरीचे पोट खातात.

खोक्यावर 'वीस तास' लिहिलेले असते. उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा तो काळ धरण्याची पद्धत आहे. म्हणून घरीच नवे सेल घालून बॅटरी पेटवा आणि घड्याळ लावा. समजा, चांगला उजेड तीन तास मिळाला, तर आपल्या हाती दीडच तास आहे. दीड तास झाला की पुढे कितीही सुंदर कमान दिसो, मागे वळायचे. अर्धा उजेड परतीसाठी असतो आणि सोबतची दुसरी बॅटरी अडचणीसाठी.

आता मुख्य गोष्ट. आपल्या खेड्यांत जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोराने कंदील सोडत. कंदील हा शब्द कन्नडमध्येही तोच. ज्योत मंदावली की माणूस उतरत नसे, कारण जळायला पुरेसा प्राणवायू खाली नाही, हे कळे. आजची एलईडी बॅटरी तसे काहीच सांगत नाही. तिला हवा लागत नाही. माणूस गुदमरून पडेल तिथेही ती लख्ख जळत राहील. कंदिलाचीही पूर्ण खात्री नव्हती. काही विषारी वायूंत ज्योत जळत राहते आणि काही वायू तर तिनेच पेट घेतात. म्हणून साचलेल्या पाण्याच्या, कोंदट वासाच्या बोगद्यात किंवा खोल विहिरीत शिरायचेच नाही. तोंडाशी उभे राहून झोत टाकावा. परवानगी आणि जाणता माणूस असल्याशिवाय त्यापुढे पाऊल नको.

तोंडाशी उभे राहूनही पुष्कळ दिसते. झोत समोरून न टाकता भिंतीला लगटून, आडवा टाका. समोरून सपाट वाटणाऱ्या दगडावर छिन्नीचा एकेक घाव उठून दिसतो. उजेड शक्यतो पिवळसर असावा. निळसर पांढऱ्या उजेडात दगड आणि चुना फिके वाटतात.

मुलांना सराव हवा असेल, तर आधी गोलघुमट गाठा. मोहम्मद आदिलशहाच्या या कबरीच्या चार कोपऱ्यांना सातमजली मनोरे आहेत. त्यातल्या अरुंद, अंधाऱ्या जिन्याने कुजबुज सज्जापर्यंत चढताना कपाळावरच्या बॅटरीचे मोल कळते. उतरताना ते दुप्पट कळते, कारण चढताना न दिसलेली झिजलेली पायरी तेव्हा समोर येते. आजोबांना मध्ये घ्या, लहानांना पुढे सोडू नका आणि सेल बदलायचेच असतील, तर वर सज्जात, दिवसाच्या उजेडात बदला.