आठव्या दिवसाचं काय?

सात दिवसांत पाच किलो! क्रॅश डाएटचं हे गाजर खरंच खावं का? उत्तर शोधायला उरुळी कांचनला आठवडाभर ठोकलेल्या मुक्कामाची ही गोष्ट. वजनकाट्यासकट!

तुमच्या ऑफिसमध्येही अशी एक तरी असतेच. सोमवारी डब्यात नुसतं फळ. मंगळवारी उकडलेला कोबी, तोही बिनतेलाचा. गुरुवारी केळी आणि दूध, बस्स. लंच टेबलवर सगळे तिच्याकडे असे बघतात की जणू ती सीमेवर निघालीय. विचारलं की उत्तर ठरलेलं, "जीएम करतेय!"

जीएम म्हणजे जनरल मोटर्स. म्हणे या कंपनीनं १९८५ मध्ये आपल्या कामगारांसाठी हा सात दिवसांचा आहार बनवून घेतला. त्याचा धड पुरावा कुठेच नाही, पण हिंजवडीपासून अंधेरीपर्यंत त्याच्या झेरॉक्स मात्र बरोब्बर पोचल्या. त्याच्या आगेमागे कोबीच्या सूपचं डाएट, लिंबू-मधाचं डाएट, २००८ च्या 'टशन'नंतर आलेली साइझ झीरोची लाट... फंडा सगळ्यांचा एकच. थोडे दिवस जीव मारा, मग ऐश करा!

मी या वाटेला फिरकले नसते. पण एका हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी ५.९ आलं. म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेचं प्रगतिपुस्तक. ५.७ ते ६.४ मध्ये असलात तर तुम्ही डायबेटीसच्या उंबरठ्यावर. उंबरठ्यापलीकडे काय असतं ते मी घरी रोज बघते, कारण बाबा रात्री जेवणाआधी इन्सुलिन घेतात. डॉक्टर म्हणाल्या, "घाबरू नकोस. वजन पाच-सात टक्क्यांनी कमी कर आणि ते कमीच ठेव." माझं वजन ७१.४. म्हणजे हिशेब चार-पाच किलोंचा. प्रत्येक क्रॅश डाएट नेमकं तेवढंच देऊ करतं, आणि तेही आठवड्यात. मग ठरवलं, एक आठवडा द्यायचा. पण घरी कोबी उकडत बसण्यापेक्षा जिथे उपाशी राहण्याचं नीट शास्त्र आहे आणि शेजारी डॉक्टर आहेत, अशा ठिकाणी. आमच्या ओळखीत "उरुळीला जाऊन आले" याचा अर्थ लोक न सांगता समजतात!

बापूंचं गाव

पुण्याहून सोलापूर रोडनं निघालं की हडपसर, मांजरी, लोणी काळभोर, थेऊर फाटा, आणि तीसेक किलोमीटरवर उरुळी कांचन. ट्रॅफिक नसेल तर तासाभराचा मामला. (नसेल तर! हडपसरला ते कधी नसतं, हे कळलं की आम्हालाही कळवा.) पुणे-दौंड मार्गावर स्टेशनही आहे. रस्त्याकडेला रोपांच्या नर्सऱ्या, मागे ऊस, आणि मध्येच भज्यांचा घाणा. तो वास नाकात भरूनच मी आश्रमाच्या गेटातून आत गेले.

आत गेलं की आवाज एकदम कमी होतो. झाडं, पायवाटा, पांढऱ्या कपड्यांत हळूहळू चालणारी माणसं. गांधीजी इथे मार्च १९४६ मध्ये राहिले होते. निसर्गोपचाराचा प्रयोग त्यांना पैसेवाल्यांसाठी शहरात नव्हे, तर गरिबांसाठी खेड्यात करायचा होता. आसपासचे गावकरी दुखणी घेऊन येत आणि माती, पाणी, ऊन, साधं अन्न आणि रामनाम एवढ्यावर इलाज चाले. महिनाअखेरीस बापू दिल्लीला गेले. मागे राहिला मणिभाई देसाई नावाचा पंचविशीतला गुजराती तरुण. तो पुढे आयुष्यभर उरुळीतच राहिला. १९६७ मध्ये त्यांनी इथेच 'बाएफ' ही संस्था काढली, गाईंच्या संकरातून दूध वाढवण्याचं मोठं काम उभं केलं. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गंमत बघा. ज्या गावात एका माणसानं लोकांच्या ताटात दूध जास्त यावं म्हणून हयात घालवली, तिथेच आम्ही शहरातले लोक ताट रिकामं करून घ्यायला येतो. आणि त्याचे पैसेही भरतो!

मीठ नाही, मोबाइल नाही, मसाला नाही

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सगळं विचारलं. बीपी, साखर, गोळ्या, पाळी, झोप. मग वजन. मग हातात एक कागद, त्यावर दिवसभराचं वेळापत्रक. पहाटे उठणं, प्रार्थना, योगासनं, पोटावर मातीपट्टी, कटिस्नान, मसाज, वाफ. एनिमाबद्दल इथे सविस्तर लिहीत नाही, तुम्ही कदाचित जेवताना वाचत असाल. एवढंच सांगते, तिसऱ्या दिवशी लाज संपते.

माझ्या कागदावर सकाळ-संध्याकाळ रस, दुपारी उकडलेल्या भाज्या आणि ताक. मीठ नाही. तेल नाही. चहा तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं असं ठणकलं की भिंतीला टेकून बसले. रोजचे चार कप एकदम बंद केल्यावर दुसरं काय होणार? त्याला कुणी 'विष बाहेर पडतंय' म्हणतं. पण शरीर साफ करायचं काम लिव्हर आणि किडन्या बाराही महिने करतच असतात. माझं डोकं दुखत होतं ते साधं चहाच्या विरहानं!

चौथ्या दिवशी मात्र कमाल झाली. उकडलेल्या गाजराचा घास तोंडात घातला आणि ते गोड लागलं. खरंच गोड. जिभेवरचा मिठाचा थर कुणीतरी पुसून काढावा, तसं. शिवाय रात्री साडेनऊला गाढ झोप. शेवटची अशी झोप बहुधा दहावीच्या सुट्टीत लागली होती.

आणि त्याच संध्याकाळी व्हरांड्यात काय चाललं होतं सांगू? रेसिपी! सुरती उंधियू, नागपुरी सांबारवडी, कुणाच्या तरी सासूचा खरवस. दहा उपाशी बायका तासभर फक्त खाण्यावर बोलत होत्या. हे काही आमचंच वेड नाही बरं का. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. दिवसाला साधारण १,५७० कॅलरीज. वजन सरासरी चौथ्या हिश्श्यानं उतरलं, पण ही पोरं दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागली. काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवली! उपाशी शरीराला तुमच्या लग्नाची तारीख कळत नाही. त्याला वाटतं, दुष्काळ पडला.

बोरिवलीच्या बेन आणि नाशिकची नवरी

शेजारच्या खोलीत बोरिवलीच्या एक गुजराती बेन होत्या. वय साठीच्या पुढे, खेप अकरावी. "दर वर्षी चार किलो इकडे सोडते," त्या हसत म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत सगळे घरी परत येतात." मी मनातल्या मनात गुणाकार केला. अकरा वर्षांत चव्वेचाळीस किलो कमी, आणि वजन जागच्या जागी! माझा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, "अगं, वजनासाठी कोण येतं? दहा दिवस मला कोणी चा मागत नाही. ते बस आहे."

माझी रूममेट नाशिकची, नोकरी हिंजवडीत, वय सव्वीस. लग्न अठरा दिवसांवर. तिनं जीएम तीनदा केलेलं, तिन्ही वेळा चार-चार किलो उतरवून पाच-पाच परत मिळवलेले. शालूवरचा ब्लाउज तिनं आताच्या मापापेक्षा लहान शिवायला टाकला होता. "टेलर म्हणाला, माया ठेवलीय आत, टेन्शन नको. पण मला ती उसवायची नाहीये," असं ती रोज रात्री अंधारात सांगायची.

पाचव्या दिवशी सकाळी ती उठली आणि पलंगाचा कठडा धरून खालीच बसली. डोळ्यांपुढे अंधेरी. मी डॉक्टरांना बोलावून आणलं. बीपी खाली गेलं होतं. त्यांनी रस बंद करून ताबडतोब ताक, भाकरी आणि भाजी सुरू केली. ही रडकुंडीला आली. "सर, अजून दोनच दिवस फक्त रसावर राहू द्या ना."

"लग्नात उभं राहायचंय ना तुला?" डॉक्टर शांतपणे म्हणाले. मग खुर्ची ओढून त्यांनी तिला समजावलं. झपाट्यानं वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, केस गळतात, आणि ते गळणं दोन-तीन महिन्यांनी दिसतं. म्हणजे लग्नाचे फोटो छान, हनिमूनचे टेन्शन! तिनं भाकरी खाल्ली. सगळी.

तीन किलो गेले कुठे?

सातव्या दिवशी माझा काटा म्हणाला, ६८.२. तीन किलो दोनशे ग्रॅम कमी! मी उडी मारायचीच बाकी होते. पण हिशेब कागदावर मांडला.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरीज. माझ्यासारखीला दिवसाला अठराशेच्या आसपास लागतात. इथे पोटात जात होत्या सहा-सातशे. रोजची तूट अकराशे, गुणिले सात, बरोबर ७,७००. म्हणजे चरबी गेली फक्त एक किलो. उरलेले दोन किलो? बरंचसं पाणी. आपल्या स्नायूंत आणि लिव्हरमध्ये साखरेचा साठा असतो, चार-पाचशे ग्रॅमचा. त्यातला प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. खाणं तोडलं की आधी हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. मीठ बंद, म्हणून आणखी थोडं पाणी. आतडीही रिकामी. पहिला वरण-भात पोटात गेला की यातलं बरंच परत येतं, आणि आपण म्हणतो, "मला ना, पाणी प्यायलं तरी चढतं!"

मग काय, झटपट वजन उतरवणं म्हणजे निव्वळ फसवणूक? तसंही नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दोनशे लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांनी बारा आठवड्यांत वजन उतरवलं, अर्ध्यांनी सावकाश छत्तीस आठवड्यांत. तीनेक वर्षांनी बघितलं, तर दोन्ही गटांत उतरलेल्या वजनातलं ७१ टक्क्यांच्या आसपास परत आलेलं! म्हणजे सावकाश गेलेले किलोही परतीचं तिकीट काढूनच जातात. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका प्रयोगात तर रोज साडेआठशे कॅलरीजच्या आसपास, तीन महिने, असा कडक आहार दिला. वर्षभरानं जवळपास निम्म्या लोकांचा टाइप टू डायबेटीस गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. पण त्यांच्या मागे दवाखाना होता. शिवाय ते तीन महिने संपल्यावर नेहमीचं अन्न हळूहळू कसं सुरू करायचं आणि वजन कसं टिकवायचं, याची पुढच्या कित्येक महिन्यांची आखणी आधीच झालेली होती.

थोडक्यात, सात दिवस सोपे असतात हो. कुणीतरी कागद हातात देतं, आपण पाळतो. प्रश्न आठव्या दिवसाचा असतो. जीएमच्या त्या झेरॉक्सवर आठवा दिवस छापलेलाच नाही!

गेटबाहेर

माझा आठवा दिवस गेटबाहेर पन्नास पावलांवर सुरू झाला. तोच भज्यांचा घाणा. मी एक प्लेट कांदाभजी घेतली, तीन खाल्ली, आणि मीठ इतकं बोचलं की बाकीची रिक्षावाल्या काकांना दिली. त्यांनी मला वेड्यात काढलं असणार.

तीन आठवड्यांत दीड किलो परत आलं. येणारच होतं. पण उरुळीहून मी तीन गोष्टी उचलून आणल्या होत्या: रात्रीचं जेवण आठच्या आत, वरून मीठ नाही, आणि जेवल्यावर चाळीस मिनिटं चालणं. डेडलाइनच्या दिवशी यातलं एक मोडतं, कधी दोन. तिन्ही एकदम मोडू देत नाही. चहा चारावरून दोनवर आला. तीन महिन्यांनी काटा ६७.८ वर होता, म्हणजे पाच टक्के पूर्ण. एचबीएवनसी ५.६. बाबांनी तो रिपोर्ट फ्रिजवर चिकटवलाय, आणि त्या रात्रीपासून तेही माझ्याबरोबर चालायला येतात.

तेव्हा, क्रॅश डाएट करून बघावं का? लग्नासाठी, गोव्याच्या ट्रिपसाठी, रीयुनियनसाठी म्हणाल, तर नको. दोन किलो पाण्यासाठी एवढा जीव कशाला जाळायचा? धडधाकट असाल, डॉक्टरांचं लक्ष असेल आणि आठव्या दिवशी सकाळी नाश्त्याला काय खाणार हे आधीच ठरलं असेल, तर एक आठवडा द्यायला हरकत नाही. जीभ नव्यानं शिकते, झोप परत येते, आणि रोज आपण सवयीनं किती खातो ते स्वच्छ दिसतं.

नाशिकच्या नवरीचं लग्न थाटात झालं. मेसेज आला, "ब्लाउज मस्त बसला. माया उसवली!" फोटोत ती जिलबी खातेय.

निघण्याआधी...

* डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, बीपीची औषधं सुरू असतील, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको. साखर एकदम खाली जाऊ शकते.
* गर्भवती, स्तनपान करणाऱ्या, किंवा खाण्याच्या विकारातून गेलेल्यांनी हा प्रयोग टाळावा.
* घरी दुधीचा रस घेत असाल तर आधी चव बघा. कडू लागला तर फेकून द्या, तो विषारी असू शकतो.
* आश्रमात जागा आधी नोंदवून मगच निघा. जुने रिपोर्ट सोबत ठेवा.
* वाटेत थेऊर फाट्यावरून आत वळलात की अष्टविनायकांपैकी चिंतामणी. मोदक जातानाच खाऊन घ्या!